तीन बर्फांचा पट्टा

माझ्या वडिलांनी स्नोमोबिलचा पट्टा सुरीने कापला तेव्हा मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. नसते तर कापू दिला नसता. चहा करायला खाली आले, गराजमध्ये दिवा दिसला म्हणून डोकावले, तर अप्पा गणपतीचा आमचा एकुलता एक पाट बुडाखाली घेऊन बसलेले. शेजारी बादलीत साबणाचं पाणी, समोर एका अंगावर कलती करून ठेवलेली गाडी, आणि भोवती चिरलेल्या भेंडीसारखे काळ्या रबराचे तुकडे. माझ्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो बापासमोर काढायचा नसतो. अप्पांनी मान वर केली नाही. "ओरडू नकोस," म्हणाले, "कापताना हात हलतो."

आता हे इथवर कसं आलं ते सांगते.

आम्ही अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, बॉथेलला राहतो. मी मिरजेची, नवरा नागपूरचा. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं उन्हात भाजून निघालेला हा माणूस बर्फ दिसला की वेडा होतो. त्याच्या ऑफिसातल्या एकाची बदली पार दक्षिणेत, अल्फारेटाला झाली. तिकडे बर्फ म्हणजे फ्रीजमधला, त्यामुळे त्याने आपली जुनी स्नोमोबिल विकायला काढली आणि माझ्या नवऱ्याने मला न विचारता घेतली. रंगाने हिरवी असली तरी ती आमच्या घरातला पांढरा हत्ती होती. माझी गाडी पावसात उभी आणि ही महाराणी गराजमध्ये, ताडपत्री पांघरून.

ज्यांनी स्नोमोबिल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे दोन स्की असतात, त्या हँडलने वळतात. मागे चाकांच्या जागी रबराचा एक लांबरुंद पट्टा फिरतो, आणि त्या पट्ट्यावर रबराचे दाते असतात. दाते बर्फात रुततात, बर्फ मागे ढकलतात, गाडी पुढे जाते. आमच्या गाडीचे दाते बोटभर उंच होते, खोल भुसभुशीत बर्फासाठी केलेले. हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला वाटायचं, बर्फ म्हणजे बर्फ.

अप्पा आले ते नोव्हेंबरात. आई जाऊन वर्ष झालं होतं. मिरजेच्या हायवेवर त्यांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. ट्रकचे गुळगुळीत झालेले टायर यायचे, अप्पा त्यांच्यावर नवीन रबर चढवायचे आणि परत रस्त्यावर धाडायचे. गुडघे दुखायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. सगळी अवजारं विकली, एक वाकड्या पात्याची सुरी मात्र ठेवली. तिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे. ती सुरी त्यांनी बॅगेत लोणच्याच्या बरण्यांमध्ये घालून अमेरिकेत आणली. कशाला, विचारलं तर म्हणाले, "असू दे, जवळ बरी."

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. "बाळ, माझं तिकीट अलीकडचं घे." परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. का, तर इथे मला काम काय? भांडी तुझी मशीन घासते, कपडे मशीन वाळवते, आणि तुम्ही दोघं दिवसभर भिंतीकडे तोंड करून बोलता.

मला ते जायला नको होते. तिकडे काय वाट बघत होतं ते मला ठाऊक होतं. बंद खिडक्या, डबा, आणि टीव्ही. माझी चुलत बहीण सांगायची की अप्पा टीव्ही लावतात आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. आणखी एक गोष्ट मला टोचत होती. आई असताना हा माणूस दारात चपला काढता काढता विचारायचा, आज काय केलंयस? आई गेल्यापासून त्यांनी कुणाला, कधी विचारलं नव्हतं की जेवायला काय आहे. वाढलं की जेवायचे. पुरणपोळी असो की पाव, चेहरा तोच. मी चिडायचे, भांडायचे, एकदा ताट आपटलं. ते म्हणाले, "चांगलं झालंय की," आणि हात धुवायला उठले. शेवटी ठरलं, संक्रांत झाली की जायचं. मी तिकीट बदललं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

नाताळच्या सुट्टीत नवरा म्हणाला, यार, अप्पांना निदान बर्फ तरी दाखवू. घाट ओलांडून पलीकडे गेलो. त्याच्या गाडीवर मागे अप्पा, माझ्यासाठी एक भाड्याची. आदल्या दिवशी पाऊस पडून रात्रीत सगळं गोठलेलं, रस्ता फरशीसारखा टणक. जरा पुढे गेलो न गेलो तोच नवऱ्याच्या गाडीचा लाल दिवा लागला. इंजिन तापलं. बर्फात तापलं. मी त्याला काय काय ऐकवलं ते जाऊ दे. मागून कळलं की ही गाडी गार राहते ती पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने. बर्फ दगड झाला असेल तर उडणार काय, डोंबल? शिवाय ते उंच दाते टणक बर्फावर नुसते मुडपतात, रुतत नाहीत.

आम्ही दोघं भांडत असताना अप्पा खाली उकिडवे बसले. हातमोजा काढला आणि पट्ट्याच्या एका दात्यावर अंगठा दाबला. मग दुसऱ्या. मग गाल गाडीला लागेल इतके वाकून आत बघितलं.

"अगं, हा टायरच आहे," म्हणाले. "नुसता लांब करून घातलाय."

घरी येईस्तोवर ते बोलत होते. मी त्यांना वर्षभरात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पार्किंगमधून वर एक कडा दिसायचा, झाडं नसलेला, उघडाबोडका. अप्पांनी त्याला टक्कल नाव दिलं आणि जावईबापूंच्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हा पट्टा नीट करतो. एकदा गाडी त्या टकलापर्यंत नेली की मी मोकळा. मग तिकीट."

"संक्रांतीपर्यंत नाही झालं तर?" मी विचारलं.

"काम अर्धं टाकून जायची माझी पद्धत नाही."

मी "चालेल" इतक्या पटकन म्हटलं की नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे तीन स्नोमोबिल, एक लठ्ठ कुत्रा, आणि प्रत्येक विषयावर मत. अप्पांना कळावं म्हणून ते इंग्रजी मोठ्याने बोलतात. अप्पा त्यांना कळावं म्हणून मराठी त्याहून मोठ्याने बोलतात. मधे मी, दुभाषी, कानात बोटं घालायचीच काय ती बाकी. शेजाऱ्यांनी सांगितलं, भुसभुशीत बर्फाला उंच दाते, टणक बर्फाला बुटके, त्यात लोखंडी टोकं, आणि वसंतातल्या ओल्या बर्फाची गोष्टच वेगळी. हौशी लोक वेगवेगळे पट्टे ठेवतात.

"म्हणजे उन्हाळ्याला एक टायर आणि हिवाळ्याला एक?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, इथे मोटारींना खरंच तसं करतात."

अप्पांनी दारातल्या माझ्या गाडीच्या टायरकडे बघितलं. त्यांना या देशाची दया आली असावी.

त्यानंतरचीच ती सुरी आणि पाट. त्यांच्या धंद्यात नवीन घ्यायचं नसतं, आहे त्यातून काढायचं असतं. एक ओळ सोडून एक ओळ दाते निम्मे केले, सुरी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवून, कारण ओलं पातं रबरात सरळ जातं. कापलेले तुकडे बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवले. शेजाऱ्यांनी स्प्रिंगच्या दोन तारा दिल्या. त्या गाडीखाली लोंबतात, टणक बर्फ खरवडतात, आणि तो चुरा उडून इंजिन गार राहतं. अप्पांनी त्याला खरवडणी म्हटलं आणि तारेचा बाक आपल्या मनाने बदलला. शेजारी म्हणाले चुकलं. अप्पा म्हणाले यांना सांग, गप बसा. मी सांगितलं की ते विचार करताहेत.

आणि गाडी पळाली. काय पळाली म्हणून सांगू. टणक रस्त्यावर, लाल दिवा नाही, डुलणं नाही, मागे अप्पा हेल्मेटच्या आतून काहीतरी ओरडताहेत आणि मी कारण नसताना हसतेय. चाळीशी ओलांडलेली बाई मी, सॉफ्टवेअर टेस्टिंगची मॅनेजर, पायाची बोटं बधिर झाली तरी उतरवेना. पण टकलाकडे निघायच्या आत काळोख झाला. पुढच्या शनिवारी जाऊ, ठरलं.

पुढच्या शनिवारपर्यंत आभाळ फाटून बर्फ पडला. कापसासारखा, कमरेइतका. निम्मे दाते कापलेली आमची गाडी त्यात शिरली आणि जागच्या जागी विहीर खणत खाली गेली. आम्ही तिघं फावड्यांनी खणतोय, अप्पा छातीपर्यंत बर्फात, मिशीला बर्फ, आणि हसताहेत. "मागच्या खेपेला हा बर्फ वेगळा होता," म्हणाले. "इथला बर्फ एका शब्दाचा नाही." आई गेल्यानंतर त्यांच्या हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी फावडं सोडून ऐकतच राहिले.

घरी आल्यावर मी संक्रांतीनंतरचं ते तिकीट कॅन्सल केलं आणि मेचं परत घेतलं. अप्पांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिळगूळ वाटायला गेले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तुला झालंय काय, अशी का दात काढतेयस? मी म्हटलं, खूप बर्फ पडलाय.

कारण हिशेब सोपा होता. बर्फ बदलला की पट्टा चुकणार, पट्टा चुकला की अप्पा राहणार. मी रोज सकाळी हवामान बघायचे आणि देवाकडे आजच्यापेक्षा वेगळा बर्फ मागायचे. देवाने माझं इतकं कधीच ऐकलं नव्हतं.

अप्पांनी बिस्किटांचा डबा काढला. कापलेले तुकडे कानशीने घासून, पंक्चरचं सोल्यूशन लावून, परत चिकटवले. रिमोल्डच की, म्हणाले. शनिवारी पहिल्या चढावर त्यातला पहिला सुटला. मग दुसरा. मग एकामागून एक उडायला लागले, आणि शेजाऱ्यांची उसनी गाडी घेऊन मागून येणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटवर टक टक बसायला लागले. तो हात वर करकरून थांबायला सांगत होता, अप्पांना वाटलं तो खूश होऊन हात हलवतोय, म्हणून त्यांनीही हलवला. मी हसून हसून गाडी झाडाच्या बुंध्याशी नेऊन थांबवली.

मग ट्रकच्या मागे लोंबतात त्या जाड रबराच्या पडद्यांच्या पट्ट्या आल्या. अप्पांनी त्या कापून, भोकं पाडून, नटबोल्टने आवळून बसवल्या, हव्या तेव्हा काढता येतील अशा. ही युक्ती जमली. शेजाऱ्यांनी सगळं दुरून बघितलं आणि म्हणाले की आपल्याला हे आधीच सुचलं होतं. मी भाषांतर केलं. अप्पा म्हणाले, "सुचलं होतं तर बसवलं का नाही?" याचं भाषांतर मी केलं नाही.

टक्कल अजून राहिलंच होतं. कधी वारा, कधी ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज, आणि बघता बघता मार्च उजाडला. ऊन तापलं आणि बर्फ ओला, चिकट झाला. आता तो पट्ट्यात धरायचा आणि सीटखालच्या पोकळीत थापून बसायचा, पट्टा फिरेनासा व्हायचा. अप्पा विचारात पडले. जेवताना अचानक म्हणाले, "ताटाला तूप लावलं की वडी सुटते का नाही?"

सुटते, मी म्हटलं. सुटते, नवरा म्हणाला. आम्हा तिघांनाही ते इतकं पटलं की मी स्वतः उठून साजूक तुपाची बरणी दिली. रविवारी कढवलेलं होतं. गराज उबदार होतं, अप्पांनी हाताने आतून बाहेरून चोपडलं, गाडीला सत्यनारायणाच्या प्रसादाचा वास येत होता. डोंगरावर पोचलो आणि ट्रेलरवरून उतरवून बघतो तर पोकळीभर तूप रवाळ थिजलेलं, आणि त्यावर बर्फ असा बसला की खराट्याने निघेना. जेवणाच्या डब्यातल्या चमच्याने खरवडत बसलो.

"म्हणजे," नवरा हळूच म्हणाला, "आपण तिघं. डिसेंबरात बरणीतलं तूप चमच्याने फोडत लहानाचे मोठे झालो. तिघांपैकी एकालाही आठवलं नाही?"

अप्पांनी चमचा खाली ठेवला. मग हसण्याने त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. परत आल्यावर शेजाऱ्यांच्या कुत्र्याने आमची स्नोमोबिल आतून चाटून लख्ख केली, आणि त्या दिवसापासून तो आमच्या दारातून हलत नाही. शेजाऱ्यांनी स्वयंपाकातल्या तेलाचा फवारा दिला. इथे तोच मारतात म्हणे. तेल थिजत नाही.

आणि मग शनिवार आला, स्वच्छ, निळा, वारा नाही, माझं रिलीज नाही, कुठलीच सबब नाही. अप्पांनी आदल्या दिवशीच सगळं लावलं होतं. खरवडणी, बुटके दाते, मधल्या ओळींना रबराच्या पट्ट्या, आत तेल. "आज टक्कल," म्हणाले. सकाळी मी मुद्दाम धपाटे करत बसले, उशीर व्हावा म्हणून. त्यांनी धपाटे होईपर्यंत बूट घालून दारात वाट बघितली.

नवरा उसन्या गाडीवर पुढे गेला. आमच्या गाडीवर मी पुढे, अप्पा मागे. खाली सावलीतला रस्ता टणक, खरवडणी खरखर करत चुरा उडवत होती, दिवा लागला नाही. मध्ये झाडांखाली अजून भुसभुशीत बर्फ शिल्लक होता, रबराच्या पट्ट्यांनी तो धरला आणि आम्ही तरंगत गेलो. वर उन्हात ओला, चिकट बर्फ, आणि तो आत थापेना. तिन्ही बर्फ एका सकाळी, आणि गाडी कुठेच अडेना. माझा बाप शहाणा आहे असं मला इतक्या रागाने कधी वाटलं नव्हतं.

शेवटचा चढ समोर आला. ॲक्सिलरेटर हँडलवर उजव्या अंगठ्याखाली असतो, अंगठा दाबला की गाडी वर जाणार, सैल सोडला की चढाच्या मध्ये अडकणार. मग अप्पा परत पाटावर बसणार, निदान आणखी आठवडाभर. मी अंगठा सैल सोडला. गाडी मंदावली. मागून पाठीवर थाप बसली.

"दाब की, कंजूस."

मी दाबला. खरं सांगायचं तर मला दाबायचाच होता. गाडी उसळली, अप्पांनी मला घट्ट धरलं, आणि आम्ही दोघं एका आवाजात ओरडत टकलावर पोचलो. नवरा वर उभा राहून टाळ्या वाजवत होता. चारी बाजूंना डोंगरच डोंगर, आणि मला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. हेल्मेट काढायची हिंमत होईना.

अप्पांनी डोंगर बघितले नाहीत. ते खाली उकिडवे बसले आणि पट्टा तपासायला लागले.

"पोचलो, अप्पा," मी म्हणाले.

"दिसतंय."

"मग तिकीट..."

ते एका रबराच्या पट्टीला नखाने उचकटत होते. "हा रबर थंडीत चिरतो," म्हणाले. "मिरजेत चांगला मिळतो, जाड. पुढच्या खेपेला येताना घेऊन येतो."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "पुढच्या खेपेला?"

"मग? असा अर्धा पट्टा तुमच्या गळ्यात टाकून जाऊ?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली, मी हात दिला. "आणि मेचंच तिकीट आहे ना अजून? राहू दे. उताराला ही गाडी शेपूट हलवेल बहुतेक, ते बघायचं राहिलंय."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. ते सीटवर बसले, हातमोजे काढले, बोटांवर फुंकर मारली, आणि माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे बघितलं.

"काय आणलंयस खायला?"

मी पाठीवरची बॅग उतरवली. नवऱ्याने झटकन वळून माझ्याकडे पाहिलं.

"धपाटे," मी म्हणाले.

"आणि दही?"

"आणलंय. गोठलं असेल."

"असू दे," म्हणाले. "काढ."